पलंगाखालचा चोर

सोळा सोमवारांचं व्रत करताना मालिनीताई गद्रे यांनी शंकरापुढे एक नेम धरला होता: सुरू केलेली गोष्ट अर्धी सोडून उठायचं नाही. पुढे त्या शाळेत फ्रेंच शिकवू लागल्या, तेही गोष्टी सांगूनच.

एकदा संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब खोत वर्गात येऊन गरजले, "बाई, गोष्टींनी कुठे भाषा येते? उद्यापासून नुसते नियम पाठ करून घ्या, नाहीतर दुसरी शाळा बघा."

"बरं साहेब. पण आजची तेवढी पुरी करू द्या. माझा नेम आहे."

दादासाहेब घुश्शातच मागच्या बाकावर बसले. बाई फ्रेंचमधून गोष्ट सांगू लागल्या. कधी म्हातारीसारखं खोकत, कधी चोरासारखी दबकी पावलं टाकत, टेबलाचाच पलंग करून त्याखाली शिरत. ऐन रंगात घोटभर पाणी प्यायला थांबल्या, तर दादासाहेब उतावीळपणे म्हणाले, "अहो, पलंगाखालचा चोर म्हातारीला दिसला की नाही?"

"सांगते. साहेब, तुम्हाला फ्रेंच येतं?"

"छे, एक अक्षर नाही."

"मग पलंगाखाली चोर शिरलाय, हे तुम्हाला कोणत्या नियमानं कळलं?"

मुलं खो खो हसली. दादासाहेब ओशाळून म्हणाले, "नियमांचं राहू द्या, बाई. आधी चोराचं सांगा."

तर बायांनो, तुमच्या घरी कुणी परकी भाषा शिकायला बसलं, तर देवाचं नाव घेऊन आधी त्याला एक गोष्ट सांगा, एवढं माझं ऐका.