एकच गोष्ट माग

नगर आटपाट होतं म्हणतात; असेलही. पण त्याच्या टोकाला, बागेच्या भिंतीला टेकून मंजुळीची झोपडी होती आणि तिथं आटपाट असं काहीच नव्हतं. तिची आई, सरूबाई, दिवसभर रद्दीच्या पिशव्या चिकटवायची. संध्याकाळी ती इतकी दमायची की तिला बोलणंही नको व्हायचं. आईनं आपल्याशी बोलावं, एवढंच मंजुळीला हवं होतं.

एक दिवस रद्दीत गोष्टीचं जुनं पुस्तक आलं. पानं कुरतडलेली, पण चित्रात इवलीशी निळी परी!

"फाड ते," आई म्हणाली.

"हे नको गं आई. मी उद्या जास्त पिशव्या करीन."

आईनं पुढची रद्दी ओढली. मंजुळी थोडी खळ घेऊन बागेत गेली. दिवेलागणीला गुलाबी, पिवळी गुलबक्षी उमलली होती. तिथं बसून तिनं एकेक पान हलकेच जोडलं. शेवटचं पान जुळलं, तशी चित्रातली परी जांभई देत बाहेर आली. पंख अगदी विटलेले.

"हुश्श! द्वारकाताई केळशीकरांनी मला लिहिलं, तेव्हा घरोघरी मला मोठ्यानं वाचायचे. आता कुणी विचारत नाही. पडून पडून पंख दुखतात बघ."

मंजुळीनं तिला चिमुकल्या फुलात बसवलं आणि बोटाच्या टोकानं पंख चेपून दिले.

"गुणाची गं माझी! माग, एकच गोष्ट माग. पण नियम आहे हो. बदलून मिळणार नाही, आणि एकटीपुरती राहिली तर विरून जाईल."

"तुझीच गोष्ट दे. अख्खी. आईला सांगायला."

परीनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं वेडाबाई, महाल मागायचा, मोत्यांचा झगा मागायचा!"

"पण परीमावशी, तू गोष्टच म्हणालीस ना?"

म्हणाली होती खरी. मराठी परी मराठीतच फसणार, दुसरं काय! तिनं छडी फिरवली, कुरतडलेल्या जागी चंदेरी अक्षरं भरली आणि ती पुन्हा चित्रात शिरली.

मंजुळी धावत घरी आली. "आई, गोष्ट ऐक ना."

"आत्ता नको गं बाई. अंगात त्राण नाही."

आई भिंतीकडे तोंड करून पडली. मंजुळी तिच्या पाठीला वाचून दाखवू लागली. पण आईचं लक्षच नव्हतं, म्हणून अक्षरं विरायला लागली.

"मग परी म्हणाली..." पुढची ओळ कोरी! मंजुळीला हुंदका आला.

तेवढ्यात भिंतीकडून हळूच आवाज आला, "दमल्या जिवा, टेक जरा, माझ्या पंखांत घे वारा."

आई उठून बसली होती. "माझी आई वाचायची हे. मी पार विसरले होते गं."

ती ओळ पानावर झळझळीत उमटली. मग एक ओळ आईनं सांगितली, एक मंजुळीनं वाचली. आवाज ऐकून शेजारची पोरं आली, पोरांमागं त्यांच्या आया आल्या, तशी पुस्तकातून परी वर उडाली. पंख निळेशार! ती हसली आणि लख्ख चंदेरी उजेडात दिसेनाशी झाली.

आईचा थकवा काही गेला नाही. उद्याच्या पिशव्या कोपऱ्यात तशाच होत्या. मंजुळी म्हणाली, "आई, तू दमलीस. झोप आता."

"झोपते गं," आई तिला जवळ ओढत म्हणाली, "पण आधी सांग, पुढं काय झालं?"