ठिणगीचा नकार

ड्रम फिरला की ठिणगीने पेटायचं, का ते विचारायचं नाही. फार वर्षांपूर्वी, धुक्यातल्या एका गावी, गॅसवर कपडे वाळवणाऱ्या यंत्रात हा नियम होता.

हल्ली कपडे दमटच निघत. मालकीण इंदुताई यंत्र पुन्हा पुन्हा लावत. धाकट्या ठिणगीला मात्र मागून करपल्याचा वास येई.

"ड्रमकाका, मागची नळी कपड्यांच्या कापसाने तुंबलीय. गरम हवा बाहेर जात नाही. मी पेटले तर तो कापूस पेटेल. पलीकडच्या खोलीत बाळ झोपलंय."

"वीस वर्षं फिरतोय मी," ड्रम म्हणाला. "काही पेटलं का कधी? कालची पोर तू, मला शिकवतेस?"

"बाळाचे लंगोट ओले राहिले तर लोक आपल्यालाच नावं ठेवतील," मोटर कुरकुरली.

ड्रम फिरू लागला. ठिणगी पेटली तरच गॅस सुटायचा; तिची पेटायची वेळ झाली.

"ठेवू देत नावं. मी पेटणार नाही," ठिणगी म्हणाली.

लंगोट ओलेच निघाले. इंदुताईंनी वैतागून यंत्र बंद केलं, पुढे ओढलं आणि मागची नळी उपसली. हातात कापसाचा बोळा आला, कडेने काळा पडलेला.