संकल्पाचं पाणी

डोंगराच्या पायथ्याशी एक रान होतं, मुलांनो, आणि त्या रानात एक साळू राहत असे. अंगभर काटे, पण स्वभाव असा की मुंगी वाटेत आली तर हीच बाजूला सरून उभी राहायची. कुणी हाक मारली की लाजेने तिचे काटे खुळखुळत आणि हाक मारणारा पळून जाई. "मदतीला जावं आणि कुणाला टोचावं, त्यापेक्षा घरात बसलेलं बरं," असं ती स्वतःला समजावत असे.

त्या वर्षी वैशाखात रानातली नदी आटली. धडधाकट होते ते सगळे डोंगरापलीकडच्या तळ्याकडे निघून गेले. मागे राहिले म्हातारे आणि लेकुरवाळे. त्यांत एक टिटवी होती. तिची पिल्लं नुकतीच अंड्यातून बाहेर आलेली. त्यांना डोंगर कसा चढवणार? ती बिचारी तळ्यात पोट बुडवून उडत येई आणि ओल्या पिसांतले थेंब पिल्लांना चोखायला देई. पण ऊन असं की निम्मं पाणी वाटेतच वाळून जाई. पिल्लं माना टाकू लागली होती.

साळूला वाळूखालच्या ओलाव्याचा वास बिळात बसूनही येत होता. झरा खणावा, असं तिच्या मनात रोज येई. शेवटी धीर करून ती वानरबुवांकडे गेली. हे म्हातारे बुवा पूर्वी देवळाच्या वडावर राहत, त्यामुळे त्यांना सगळे विधी पाठ.

"झरा खणायचा म्हणतेस? उत्तम," बुवा पाठ खाजवत म्हणाले. "पण एवढं मोठं कार्य संकल्पाशिवाय करू नये. उजव्या हातावर पाणी घे, देवाचं नाव घे, पाणी सोड, मग खण."

"पाणी कुठून आणू, बुवा?"

"ते मला काय विचारतेस? नदीत बघ."

साळूने नदीत पाहिलं. नदीत वाळू होती. खरं सांगायचं तर तिला मनातून बरंच वाटलं. पाणी नाही म्हणजे संकल्प नाही, आणि संकल्प नाही म्हणजे चारचौघांत जाऊन काटे खुळखुळवायला नकोत. ती घरी येऊन पावसाची वाट बघत बसली.

पण दुपारी टिटवी तळ्यावरून धापा टाकत आली, ते बघून तिला राहवेना. ती चाचरत पुढे गेली. "टिटवीताई, रागावू नका. एक थेंब द्याल का? संकल्पापुरता."

"अगबाई, पाणी काढायचं म्हणून पाणी मागायला आलीस?" टिटवी दमलेल्या आवाजात म्हणाली. "इथं माझी लेकरं तोंड वासून बसलीत. घे बाई, एकच हं. आणि देवाला म्हणावं, जरा लवकर आटप."

थेंब साळूच्या तळव्यावर पडला. तिने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि पाणी सोडणार इतक्यात तळव्याला गुदगुल्या झाल्या. डोळे उघडून बघते तर टिटवीचं सगळ्यात धाकटं पिल्लू काट्यांमधून वाट काढत आलेलं, आणि तळवा कोरडा.

"अजून," पिल्लू म्हणालं.

साळूचे काटे खुळखुळले. पिल्लू पळालं नाही. काट्यांची सावली पडत होती, म्हणून उलट आणखी आत सरकलं. साळू त्याच्याकडे बघतच राहिली. मग पुटपुटली, "देवा, तुझं पाणी तुला पोचलं असं मी धरते हं," आणि तिने पिल्लाला हलकेच बाजूला ठेवून खणायला घेतलं.

वाळू अशी उडाली की झोपलेले वानरबुवा शिंकत शिंकत झाडावर चढले. खड्ड्यात आधी नुसते काटे दिसत होते, मग तेही दिसेनात. "अगं, पुरे, स्वतःला गाडून घेशील," असं टिटवी वरून ओरडत होती. उन्हं उतरली तेव्हा खालून आवाज आला, "ताई, पिल्लांना पाठवा. गढूळ आहे, पण गार आहे."

पिल्लं पोटभर प्यायली. बुवाही प्यायले, जरा जास्तच. मग तोंड पुसून म्हणाले, "आता पाणी आहे. रीतसर संकल्प सोडून घे."

"घेते, बुवा. पण आधी नदीच्या वळणावर आणखी एक झरा खणून येते. तिथं सशीण बाळंत झालीय, तिला इथवर चालवणार नाही. तोवर तुम्हीच माझ्या वतीने देवाला हात जोडून बसा."

आणि ती निघाली, काटे खुळखुळवत, भर वाटेने.

तात्पर्य : चांगल्या कामाला देवाचं नाव घेऊन लगेच हात घालावा. आपला संकोच मोठा वाटला, तरी समोरच्याची तहान त्याहून मोठी असते. आणि तहानलेल्याच्या चोचीत पडलेला थेंब देवालाच पोचतो.