एका वस्तूला एकच शब्द

"मग सरळ नाही म्हणा ना, चाचा. दोन तास नुसती पानं उलटताय."

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. बोटाला थुंकी लावली, पुढचं पान उलटलं.

समोर औदुंबर पिसाळ बसला होता. उठून जायचंही त्राण नव्हतं, म्हणून बसला होता. चार वर्षं त्याने एकच काम केलं होतं. रसायनशास्त्राच्या पाच शाखा, प्रत्येकीचे आपापले शब्द. ते झाडून गोळा करायचे आणि एका वस्तूला एकच शब्द ठरवायचा. त्या कोशाचं बाड आता चाचांच्या मांडीवर होतं.

दर्ग्याच्या ओवरीत दुपार पेंगत होती. चाचा रिटायर झाल्यापासून इथंच असत.

कॉलेजातल्या पाच विभागांच्या पाच प्राध्यापकांनी हे बाड चार वर्षं घोळवलं होतं. एकाने सॉल्व्हंटला 'विद्रावक' लिहिलं की दुसरा खोडून 'द्रावक' करी. तिसरा दोन्ही खोडून चहा मागवी. शेवटी स्वतःलाच कंटाळून म्हणाले, "दस्तगीर हो म्हणाला, तर आम्हीही सह्या करतो."

दस्तगीर, म्हणजे रसायनांच्या कोठीवरचा माणूस. अडतीस वर्षं खिडकीत बसून पाचही विभागांना बाटल्या देणारा. विद्वानांचा एकमेकांवर नव्हता तेवढा विश्वास या सातवी पास माणसावर होता. त्याला बसायला खुर्ची मात्र एकानेही कधी पुढे केली नव्हती.

"चूक सापडली का?"

"नाही."

"एखादा शब्द राहिलाय?"

"एक नाही. झकास केलंयस."

"मग?"

चाचांनी आणखी एक पान उलटलं.

औदुंबरने उजवा पंजा त्यांच्या नाकासमोर धरला. तळहातावरची कातडी ताणून शिवल्यासारखी चकाकत होती. बोटं पुरती सरळ होत नव्हती.

"हे कसं झालं, माहीत आहे?"

"ऐकलंय."

"ऐकलंय तर नीट ऐका. चिठ्ठीवर 'पातळ आम्ल' लिहून दिलं होतं मी. आमच्या विभागात पातळ म्हणजे दहात एक भाग. धातूवाल्यांचं पातळ म्हणजे निम्मं आम्ल, निम्मं पाणी. तुमच्या जागी आलेल्याने त्यांची बाटली दिली मला. हातावर सांडली. तुम्ही जूनमध्ये रिटायर झालात, चाचा. हे त्याच जुलैतलं."

चाचांनी मांडीवरचं बाड मिटलं.

"कुणाचं पातळ किती, हे अडतीस वर्षं तुमच्या डोक्यात होतं. एका कागदावर उतरवलं नाहीत. डोकं उचललंत आणि इथं येऊन बसलात. तुम्ही म्हातारी माणसं सगळी अशीच. ते पाच जण आपापला शब्द सोडायला तयार नाहीत, आणि तुम्ही जाताना दार लावून घेतलंत. भाजलं कोण? मी. शिक्षण सुटलं कुणाचं? माझं."

"खरं आहे," चाचा म्हणाले.

 बोलून बोलून औदुंबरला तहान लागली होती.

"पाणी द्या जरा."

"कशाला?"



"पाणी मागितलं की कशाला म्हणून विचारता? निदान हा शब्द तरी सोडा. पाचही जणांनी न खोडलेला एवढाच आहे."

"त्याचंच भ्या वाटायचं मला."

"कसलं?"

"बाकीच्या शब्दांना लोक बिचकतात. दोनदा विचारतात. पाणी म्हटलं की कुणी विचारत नाही. सिल्व्हर नायट्रेटला डिस्टिल्ड पाणी लागतं; नळाच्या पाण्यात कालवलं की दुधासारखं पांढरं होतं. दिवसाचं काम मोरीत. मागितलं होतं पाणी. दिलं होतं तेही पाणीच."

चाचांनी हनुवटीने ओवरीच्या कडेला खूण केली. "तो हौद हातपाय धुवायला. हा रांजण. आणि तो कॅन इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याचा. तुझ्या बाडात पाण्याला शब्द किती?"

"…एकच."

"बरोबर आहे. एकच पाहिजे."

"मग तुम्ही खिडकीत करायचात काय?"

"विचारायचो."

"काय विचारायचात?"

"आत्ता तुला विचारलं तेच. काय करणारेस याचं? पोरगं उत्तर देईपर्यंत बाटलीवरचा हात काढायचा नाही. साहेब असला तरी नाही. शिव्या खाल्ल्यात त्यापायी."

औदुंबरने हौद, रांजण, कॅन असं एकेकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "प्यायला."

चाचा गुडघ्यावर हात रेटून उठले. रांजणातून तांब्या भरून आणला. औदुंबरने तो घटाघटा रिकामा केला, बाहीने तोंड पुसलं.

"आणि तुम्ही मेल्यावर कोण विचारणार?"

हे त्याने चिडून विचारलं नाही. चिडायला अंगात काही उरलं नव्हतं.

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. मग बाडाकडे. मग हात पुढे केला.

"पेन दे."

पहिल्या पानावर पाच सह्यांच्या जागा रिकाम्या होत्या. त्यांच्या खाली, एकेक अक्षर दाबत, चाचांनी 'दस्तगीर मुल्लाणी' लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

ज्यासाठी चार वर्षं उंबरे झिजवले ते समोर होतं. औदुंबरला वाटलं होतं, या क्षणी काहीतरी होईल. झोप आली, एवढंच.

"कोठीवर हल्ली कोण आहे रे?"

"कुणी टिकत नाही. चिठ्ठी डब्यात टाकायची. संध्याकाळी बाटली बाहेर ठेवलेली असते."

"विचारत नाही कुणी?"

"कोण विचारणार?"

चाचांनी बाडाची नाडी बांधली. ते औदुंबरच्या भाजलेल्या पंजावर ठेवलं आणि त्याची अर्धवट वाकलेली बोटं स्वतःच्या हाताने त्यावर मिटवली.

"आता हे घेऊन खिडकीत कोण बसणार, तेवढं सांग."