मालगुजाराची घोडी आणि बुधामायची तीन पिलं

कोसमटोल्याचं धान मालगुजाराच्या कोठारात जायचं आणि मजुरांच्या पदरात लाखोळीची डाळ पडायची, त्या काळातली ही गोष्ट. फार वर्षं झाली त्याला. लाखोळी कशाही जमिनीत येते, म्हणून स्वस्त. गाव दोन्ही वेळ तीच खायचं. मग माणसं पांगळी व्हायला लागली. काल नांगर धरणारा गडी आज काठी धरायचा. मालगुजार म्हणायचा, देवीचा कोप आहे, बकरा द्या. गाव बकरा द्यायचं. पायही जायचे आणि बकराही जायचा.

गावात बुधामाय कोंबड्या पाळायची. तिचा नवरा दोन वर्षं अंगणात बसून होता. एक दिवस तिची लेक सुरती सपाट वाटेवर अडखळली. या देवीला मजुरांचेच पाय बरे दिसतात, बुधामाय म्हणाली.

तिने एकाच कोंबडीची तीन पिलं घेतली. एकाला कोंडा घातला, दुसऱ्याला लाखोळी. तिसऱ्यालाही लाखोळीच, पण कढत पाण्यात भिजवून, ते पाणी मडक्यात ओतून काढलेली. रानातल्या कंदाचा कडूपणा बायका असाच काढतात. असं म्हणतात, की पिलं तिच्याशी बोलायची. खरं-खोटं पिलांनाच ठाऊक. पण दुसरं पिलू पांगळं झालं आणि बाकीची दोन तुरुतुरु धावत राहिली, हे साऱ्या गावाने पाहिलं.

पिलांची टोपली आणि लाखोळीच्या त्या पाण्याचं मडकं घेऊन ती मालगुजाराच्या फाटकाशी गेली. मागे गाव होतं.

"मालक, तुमच्या घरी लाखोळी शिजते का?"

"आम्हाला पचत नाही ती."

तेव्हा मालगुजाराची घोडी सांभाळणारा मोतद्दार, जन्मभर मान खाली घालून राहिलेला माणूस, घोडीजवळून बोलला, "घोडीचे पाय गेले होते, माय. तवापासून मालकानं तिची लाखोळी बंद केली."

म्हणजे मालगुजाराला माहीत होतं. घोडीची दया आली त्याला, माणसांची नाही. आजही हे सांगताना माझं डोकं तापतं.

बुधामायने मडकं फाटकाच्या खांबाशी ओतलं. असं म्हणतात, की तो सागवानी खांब तिथल्या तिथे गुडघ्यात वाकला. त्या वर्षी मजुरीत धान मिळेपर्यंत कोणी विळा उचलला नाही. नवरा काही उठला नाही, पण सुरती म्हातारी होईपर्यंत आपल्या पायांनी पाणी भरत होती.

कोसमटोल्यात लाखोळी भिजवलेलं पाणी अजून त्या वाकड्या खांबाशी नेऊन ओततात. आणि नवं बियाणं, नवं औषध, नवी पूड घेऊन कोणी साहेब आला, की गावातली सगळ्यात म्हातारी बाई त्याला पाणी देते आणि विचारते, "तुमच्या घोडीले चारलं का?"

साहेब हसतो. मग त्याच्यापुढे तीन पिलांची टोपली ठेवतात आणि सांगतात, बसा, महिना लागंल.