ठकूआईचा चालता दगड

फार वर्षांपूर्वी, आमच्या साळवडीत घरोघरी हातमाग होते, तेव्हाची ही गोष्ट. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर मागावर बसायचा. पाय बधिरायचे, थंडीत गारठायचे. मग लोक खड्ड्यात निखाऱ्यांची शेगडी ठेवायचे आणि पायांची सोय केली म्हणून खूश व्हायचे. शहाणेच ना सगळे!

अशा गावात रामलिंगतात्या कोष्ट्यांच्या घरी ठकू सून होऊन आली. नव्या सुनेनं पायांना बोटं टेकवून उठायचं, अशी रीत. ठकू मात्र सासऱ्याचे पाय दोन्ही तळव्यांत धरूनच बसली. बायका पदराआड हसल्या.

"मामंजी, डावा पाय लई गार हाय तुमचा. चालताना पोटरी धरती का?"

"सून हायस का वैदू?" तात्या खेकसले.

पण होतं ते खरंच. मारुतीच्या देवळापर्यंत जायचं तर तात्यांना चारदा थांबावं लागे. ठकूच्या बापाचंही असंच झालं होतं. बधिर पायाला शेगडीचा चटका कळला नाही, जखम चिघळली, पाय गेला आणि पाठोपाठ बापही गेला. तेव्हापासून तिचे हात कुणाच्याही पायांवर रेंगाळायचे.

पौषातल्या एका सकाळी मागाच्या खड्ड्यातून जळका वास आला. तात्या अभंग गुणगुणत विणत होते आणि त्यांची करंगळी शेगडीला टेकून भाजत होती. ठकूनं पाय बाहेर ओढला आणि शेगडी उचलून उकिरड्यावर भिरकावली. बाजारच्या गावाहून वैद्य आला. तो म्हणाला, "करंगळी गेली. याची चिलीम सुटली नाही तर पायही जाईल. जखम भरली की याला रोज चालवा. पोटरीत कळ आली की बसवा, कळ गेली की पुन्हा चालवा."

जखम भरायला उन्हाळा उजाडला. मग ठकूनं डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर एक सपाट दगड घेतला आणि सासऱ्याच्या मागं चालू लागली. जिथं कळ येई तिथं दगड ठेवायचा, तात्यांनी त्यावर बसायचं. पहिल्या दिवशी दगड शेजारच्या दारापर्यंतच पोचला. आठवड्यानं पारापर्यंत गेला. दिवसाअखेर जिथं पोचे, तिथंच तो रात्रभर राही. पुढं गावानं एक नवल पाहिलं. असं म्हणतात, ठकू सकाळी यायच्या आधीच दगड आपण होऊन चार पावलं पुढं सरकलेला असे. माझा आजा तर म्हणायचा, मी डोळ्यांनी पाहिलंय. आजा जरा तिखटमीठ लावायचा, पण मला त्याचं खरंच वाटायचं.

एकदा तात्यांनी गोठ्यात लपून चिलीम ओढली. दुसऱ्या दिवशी दगड पाराच्याही मागं सरकलेला! तात्या त्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

"पोरी, माझा पाय वाचंल का गं?"

"वाचंल, मामंजी. पर चिलीम माझ्या हातात द्या."

तात्यांनी चिलीम दिली. ठकूनं ती त्या दगडाखालीच पुरली. दसऱ्याला तात्या न थांबता मारुतीपर्यंत चालत गेले, आणि ठकूनं दगड तिथंच कायमचा ठेवला. करंगळी नव्हती, पण पाय होता.

पुढं ठकूची ठकूआई झाली. रोज सकाळी ती घरोघर जाऊन म्हाताऱ्यांचे पाय धरायची, तळवे निरखायची, तिन्हीसांजेला सगळ्यांना मागावरून उठवून चालायला लावायची. ती गेली त्या दिवशी सगळं गाव तिच्या पायांशी बसलं. एकानं हात काढला की दुसरा ठेवायचा. पाय गारच राहिले. तरी उन्हं उतरेपर्यंत कुणी ते सोडले नाहीत.

आता हातमाग उरले नाहीत. त्या खटखटीची मला फार आठवण येते. दगड मारुतीपुढं आहे, तंबाखू सोडणारा आजही आपली चंची त्याच्यापाशी पुरतो. शेगडीला पाय लावून साळवडीत कुणी बसत नाही. आणि आमच्याकडं नमस्कार अजून दोन्ही तळव्यांनीच करतात. पाहुण्याला गुदगुल्या होतात, तो पाय मागं घेतो. आम्ही सोडत नाही. नवी सून वाकली की सासू वरून विचारते, "बघ गं नीट, गार हायत का ऊन?"