फुगलेली बॅटरी

खिशात मावेल एवढ्या यंत्रावर माणसं गाणी ऐकत, त्या काळची ही गोष्ट. यमुनाबाई पापड लाटायला बसल्या की त्यांचा छोटा प्लेअर गाऊ लागे. पूर्वी शंभर पापड होईपर्यंत तो थकत नसे. हल्ली पाचव्या पापडालाच गप्प व्हायचा. शेवटी बाईंनी त्याला दुरुस्तीच्या दुकानात नेऊन ठेवलं.

टेबलावरचा पेचकस म्हणाला, "बॅटरी बदलावी लागेल. फुगलीय."

"फुगली नाही, बाळसं धरलंय तिनं!" प्लेअर ठसक्यात म्हणाला. "आणि सगळी गाणी तिच्याजवळच आहेत. ती गेली तर मी नुसता डबा. हात लावू नकोस."

आठ वर्षं प्लेअर बॅटरीला गाण्यांची मालकीण समजत होता आणि तिनंही कधी त्याचा गैरसमज दूर केला नव्हता. मान कोणाला नको असतो?

एवढ्यात कट्कन आवाज झाला. बॅटरीच्या रेट्यानं प्लेअरची काच कोपऱ्यात तडकली. तो कळवळला, तरी म्हणाला, "असू दे ताई, मी सोसेन."

हे मात्र बॅटरीला सोसवेना. "अरे वेड्या, गाणी तुझ्याजवळच आहेत," ती म्हणाली. "माझ्याकडे एकही नव्हतं कधी. पेचकसदादा, काढ मला."

दुपारी नव्या बॅटरीवर प्लेअर दुकानातच यमुनाबाईंचं आवडतं गाणं गाऊ लागला. जुनी बॅटरी भंगाराच्या डब्यातून कान देऊन ऐकत होती. एखादं कडवं तरी चुकेल, असं तिला उगाच वाटत होतं.

एकही चुकलं नाही.